सरवा, स्टॉक आणि मॅगझिन

जालन्याच्या मोंढ्यात नाहीतर एमआयडीसीत हिंडलात तर भिंतीभिंतीवर इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत रंगवलेले दिसतील. गोडाऊन. स्टोअर. डेपो. वेअरहाऊस. आम्ही जिनिंगमध्ये रुईच्या गाठी रचतो तेव्हा दिवसातून शंभरदा हे शब्द तोंडात येतात. सुपरवायझर ओरडतो, स्टॉक मोज. आपण मोजतो. शब्द आला कुठून हे कुणी विचारत नाही. रद्दीतून घेतलेली एक जाडजूड डिक्शनरी आणि लायब्ररीतली चार पुस्तकं घेऊन मी हे शब्द उकरत बसलो. जे हाताला लागलं ते चळवळीतल्या पोरांपुढे ठेवतो. हा प्रोफेसरी उद्योग नव्हे. साठवलं कुणी, उचललं कुणी आणि कुलूप कुणाचं, एवढाच माझा सवाल आहे.

स्टॉकपासूनच धरू. जुन्या इंग्रजीत स्टॉक म्हणजे झाडाचं खोड, लाकडाचा ओंडका. आणि स्टॉक्स म्हणजे गुन्हेगाराचे पाय अडकवून त्याला चौकात बसवायची लाकडी फळी. आपल्याकडे बघा. खोड आणि खोडा, तेही असेच शेजारी शेजारी. खोड्यात कुणाचे पाय जायचे हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्याच ओंडक्यातून पुढे साठा कसा निघाला, त्याचीही गंमत आहे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शेकडो वर्षं हिशेब लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवत. मग काठी उभी चिरायची. लांब भाग पैसे देणाऱ्याकडे, त्याला म्हणायचे स्टॉक. आखूड भाग घेणाऱ्याकडे, तो फॉइल. म्हणजे स्टॉक ज्याच्या हातात तो सावकार. १८३४ साली या निकामी काठ्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या. आग पसरली आणि पार्लमेंटची इमारतच जळाली. आपल्या मुलखात १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ती मात्र चुकून नाही, ठरवून.

गोडाऊन तर मुळात आपल्याच बाजूचा. तेलुगू-तमिळ मुलखातला कोठाराचा शब्द मलायात जाऊन गुदांग झाला, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजांकडे गेला, असं बहुतेक जाणकार मानतात. माल नेला तसा शब्दही नेला आणि आपल्यालाच परत दिला.

पण मी अडकलो ते एका साध्या शब्दापाशी. ग्लीन. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचायची, त्याला इंग्रजीत ग्लीन म्हणतात. आपण म्हणतो सरवा वेचणं. माझी आजी भुईमुगाचा, ज्वारीचा सरवा वेचायची. मालक वाड्यावर गेल्यावर, ऊन उतरताना, लेकरू पाठीला बांधून. तिकडे बायबलात लिहून ठेवलंय की शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला सोडा. तेवढ्या आधारावर इंग्लंडातल्या गरीब बायका पिढ्यान् पिढ्या सरवा वेचत. १७८८ साली मेरी ह्यूटन नावाच्या बाईवरून खटला झाला. जमीनवाला म्हणाला, माझ्या रानात हिला काय हक्क? कोर्टाने निकाल दिला, कायद्याने गरिबाला असा हक्क नाही. सरवा हक्क होता, तो मालकाची मेहेरबानी झाला. दोस्तांनो, हा निकाल नीट वाचा. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांना तहसीलमध्ये जी भाषा ऐकावी लागते ती हीच आहे.

आता आपल्याकडचं धर्मशास्त्र काय म्हणतं? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने किती साठवावं याचा हिशेब आहे. कोठारभर साठवा, रांजणभर साठवा, तीन दिवसांचं ठेवा, नाहीतर उद्याचंही ठेवू नका. म्हणजे साठवायला चार पायऱ्या. त्याच अध्यायात पडलेले दाणे आणि कणसं वेचून जगण्याला ऋत म्हटलंय. ऋत म्हणजे सत्य. ब्राह्मणाने सरवा वेचला तर ते सत्य! माझ्या आजीने वेचला तर म्हारीण रानात शिरली. आणि दहाव्या अध्यायात काय? शूद्राने, अंगात धमक असली तरी, धनाचा साठा करू नये, कारण तो ब्राह्मणाला त्रास देतो. तिथंच चांडाळाला भांडं फुटकं, दागिना लोखंडाचा. फुटक्या भांड्यात काय साठतं? काहीच साठू नये हीच त्यातली व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली गेली. पाण्याचा आणि माणुसकीचा सवाल तिथे होताच. पण ज्या पोथीने आपल्याला साठवायला बंदी केली तीच जळाली, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून मराठीतले शब्दही दोन घरचे आहेत. वाड्याकडे कणगी, बळद, कोठार, पेव. आपल्याकडे सरवा, मातेरं, बलुतं, शिळं तुकडं. मातेरं म्हणजे खळ्यावर रास उचलल्यावर मातीत मिसळलेले दाणे. ते झाडून, पाखडून, धुऊन घ्यायचे. पेव गावच्या पांढरीत खोदलेलं, तोंड लहान, पोट मोठं. बंद पेवात धान्यामुळे हवा विषारी होते. उघडल्यावर आधी दिवा सोडायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. आजा सांगायचा, घाई असली की दिवा राहायचा बाजूला, खाली उतरायला महारामांगाचा माणूस. धान्य वर यायचं. माणूस कधी यायचा, कधी नाही.

आपल्या घरातली साठवण म्हणजे एकावर एक मडकी, उतरंड. जातीच्या रचनेला मराठीत नेमका हाच शब्द पडला. उतरंडीत तळाच्या मडक्यावर सगळ्यांचा भार, हे मातीशी काम केलेल्या कुणालाही कळतं.

आता मॅगझिन. मूळ शब्द अरबी, मखझन, म्हणजे कोठार. मोरोक्कोत अजूनही राजसत्तेलाच मखझन म्हणतात, म्हणजे कोठाराची किल्ली आणि राज्य एकच. युरोपात हा शब्द दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला. आपल्या जिल्ह्यात तो असाच आला असणार, फौजेबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. असई आज जालना जिल्ह्यात. पुस्तकांत तोफा मोजलेल्या असतात. पण वेलस्लीला तोफांइतकीच काळजी बैलांची आणि तांदळाची होती. फौजेला दाणा पुरवायचे बंजारे, हजारो बैलांच्या तांड्यांनी. इंग्रजांच्या कागदांत त्यांचं नाव ब्रिंजारी. त्यांच्या पाठीवर लढाई झाली. पुढे इंग्रजांच्या राज्यात, १८७१ सालच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यात बंजाऱ्यांनाही ओढलं. ज्याने कोठार वाहिलं तोच चोर. जालन्याला पुढे छावणी झाली. असईवर पुस्तकं पुष्कळ, त्यांत एका बैलवाल्याचं नाव मला सापडलं नाही.

१७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हने नियतकालिक काढलं आणि त्याला नाव दिलं मॅगझिन, इकडून तिकडून वेचलेल्या मजकुराचं कोठार म्हणून. तेव्हापासून दारूगोळा आणि छापील कागद एकाच शब्दात नांदतात. आपल्या लोकांनी लिटल मॅगझिन काढली तेव्हा हे दोन्ही अर्थ त्यात होते, हे माझं मत.

शेवटचा शब्द आर्काईव्ह. मूळ ग्रीक. अर्थ, सत्ताधाऱ्याचं घर. राज्याचे कागद त्याच्या घरी असत, म्हणून जुन्या कागदांच्या जागेलाच ते नाव पडलं. आपले कागद कुणाच्या घरी होते? १९५६ साली बाबासाहेब गेले. अप्रकाशित हस्तलिखितं मागे राहिली. १९६७ साली दिल्लीच्या घरातून कागद बाहेर काढले गेले, पावसात भिजले. उरलेल्या पेट्या कोर्टाच्या ताब्यात, मग महाराष्ट्राच्या अॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे. वीस वर्षं आपण जयंत्या केल्या, मिरवणुका काढल्या, आणि बाबासाहेबांची अक्षरं कुलपात. १९७६ साली सरकारने समिती नेमली. १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड आला. वसंत मून यांनी त्यासाठी किती कागद हाताने उलगडले असतील! काही प्रकरणं सापडलीच नाहीत, तसं खंडांत नोंदवलंय. १९८७ साली चौथ्या खंडात रिडल्स आलं आणि केवढा गदारोळ झाला. १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला, तो याच कागदांसाठी.

लॅटिनमध्ये लेगेरे असं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ वेचणं, आणि त्याचाच अर्थ वाचणं. कलेक्शन त्यातूनच, लेक्चरही त्यातूनच. कापूस वेचणाऱ्या बायांच्या पोरांना हे शिकवायला हवं.

आपल्या जिल्ह्यात काय वेचायचं राहिलंय ते सांगतो. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. मधली सोळा वर्षं अंबड, भोकरदन, परतूर, जाफराबाद, गावोगाव पत्रकं निघाली, अर्ज गेले, अटकेच्या नोटिसा आल्या, घरं जळाल्याचे पंचनामे झाले. ते कागद म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. वाळवी त्यांची वाट बघतेय. सुट्टीच्या दिवशी एकेक गाव धरा. कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि कुणी दिला ते लिहा. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी राहू द्या, नक्कल आपल्याकडे आणा. बायांची जात्यावरची भीमगाणी त्यांच्याच बोलीत उतरवा, शुद्ध करू नका. आणि सगळं एका कपाटात ठेवू नका. दोन गावांत ठेवा, किल्ल्या दोघांकडे.