राउटरमधल्या ‘पीपीपीओई’ची कुळकथा

कोल्हापुरात घरी फायबर घेतलं की जोडणीला आलेला मुलगा बहुतेक वेळा राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पीपीपीओई’ निवडतो, युजरनेम-पासवर्ड टाकतो आणि हिरवा दिवा लागायची वाट बघतो. आज काचेच्या तंतूवर चालणारी ही रीत मूळची टेलिफोनच्या तारेवरची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेही फोनवरूनच. मोडेम नंबर फिरवायचा, पलीकडचा मोडेम फोन उचलायचा. अशा तारेसाठी आधी ‘स्लिप’ नावाची साधी पद्धत होती. ती नुसती माहितीची ने-आण करी. पलीकडे ग्राहक कोण आहे, हे विचारायची सोय तिच्यात नव्हती. ती सोय ‘पीपीपी’ने केली. आधी पासवर्ड तपासायचा, मग संगणकाला पत्ता द्यायचा, मगच वाट मोकळी. १९९४मध्ये तिचं आजचं रूप ठरलं.

ब्रॉडबँड आलं आणि नंबर फिरवणं संपलं. ग्राहक ओळखून बिल लावणं मात्र कंपन्यांना चुकलं नव्हतं. त्यामुळे फेब्रुवारी १९९९मध्ये पीपीपीला इथरनेटवर बसवायची रीत जाहीर झाली, तीच पीपीपीओई. संगणक आधी तारेवर हाक देतो, ‘कुणी आहे का?’ एक्स्चेंजकडून ‘मी आहे’ असं उत्तर येतं, जोडणीला क्रमांक मिळतो आणि मग जुनीच पासवर्ड-तपासणी सुरू होते. बेल्जियममध्ये बेल्गाकॉम कंपनीच्या एडीएसएलवर, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडवर, हेच चाले आणि जानेवारी २००५मध्ये सुरू झालेल्या बीएसएनएलच्या ‘डेटावन’वरही.

जोडणीबरोबर कंपनीकडून येणाऱ्या सीडीत लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीसाठी काही नसे, म्हणून लिनक्सवाल्यांना ही वाट स्वतःच बांधावी लागली. पॉल मॅकेरास यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला ‘पीपीपीडी’ आणि कॅनडातल्या डायान स्कोल यांचा ‘आरपी-पीपीपीओई’ हे प्रोग्रॅम त्यांचे आधार. मोडेम ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे जोडणी संगणकानेच लावायची, ‘पीपीपीओईकॉन्फ’ या साधनाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि ‘पॉन डीएसएल-प्रोव्हायडर’ म्हणून जोडणी उठवायची.

खरी मेख पुढे होती. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात; पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेते, उरतात १४९२. लिनक्सच्या संगणकामागे घरातला दुसरा संगणक जोडला आणि ही मर्यादा सांभाळली नाही, तर पिंग व्यवस्थित चाले, काही साइट झटकन उघडत आणि काही नुसत्याच फिरत राहत. दोष कंपनीच्या लाइनचा वाटे; खरा दोष त्या ८ बाइटांचा. पाकिटांचा आकार आधीच कमी करून घेणारा नियम फायरवॉलमध्ये लिहिला की सगळं सुरळीत होई.

आता हे कुणाला करावं लागत नाही, कारण घरोघरच्या अनेक राउटरमध्ये लिनक्सच चालतं. ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारख्या राउटर-प्रणालीत आजही तोच पीपीपीडी काम करतो आणि पाकिटं लहान करायचा नियमही तयारच असतो. कंपनीच्या सीडीत आपल्यासाठी काही नाही म्हणून मूठभर लोकांनी हे लिहिलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. लिनक्सचं नावही न ऐकलेल्या घरांची जोडणी आज त्याच कामावर उभी आहे.