स्टोरेज सर्व्हर-बदल (उच्च उपलब्धता क्लस्टरमधील)

सेवा चालू ठेवून जुने नेटवर्क स्टोरेज सर्व्हर काढणे व त्यांच्या जागी नवे बसवणे. अशा क्लस्टरमध्ये किमान दोन नोड (सर्व्हर) तीच माहिती बाळगतात. एक बंद पडला की दुसरा सेवेचा आयपी पत्ता स्वतःकडे घेतो (फेलओव्हर). दोनच नोड असताना बदलासाठी एक मुद्दाम बाजूला काढला, की ज्या संरक्षणासाठी क्लस्टर उभारला ते तेवढ्या काळापुरते उरत नाही. या विषयातली बहुतेक कार्यपद्धती हा काळ आखूड करण्यासाठी आहे.

निकड : कार्नेगी मेलन विद्यापीठातील श्रोडर व गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कची नोंद तपासली. उत्पादकांच्या कागदावर वार्षिक बिघाड जास्तीत जास्त ०.८८ टक्के होता. प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचे प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. एकाच खरेदीतल्या डिस्क एकाच वयाच्या असतात आणि नवी प्रत तयार करताना जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्यामुळे पहिला बिघाड होईपर्यंत थांबणे ही काटकसर नव्हे.

डीआरबीडी पद्धत : एका नोडच्या डिस्कची प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या नोडवर ठेवणारी, फिलिप राइसनर यांनी व्हिएन्नात सुरू केलेली ही प्रणाली २०१० मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्या ‘प्रोटोकॉल सी’मध्ये मजकूर दोन्ही नोडांच्या डिस्कवर पोचल्याशिवाय लेखन पूर्ण धरत नाहीत. आठव्या मालिकेत थेट दोनच प्रती ठेवता येत (तिसरीसाठी थरावर थर रचावा लागे), म्हणून जुना नोड काढल्यावरच नवा जोडला जाई. नवव्या मालिकेत तिसरा नोड थेट जोडता येतो : नवा पूर्ण भरून, पडताळून घ्यावा आणि मगच जुना सोडवावा. सोय असताना हा क्रम न पाळण्याला सबब नाही. १२ टेराबाइट माहिती १ गिगाबिटच्या जोडणीवरून भरायला सुमारे ३० तास लागतात. १० गिगाबिटला बहुधा डिस्कचा वेगच आडवा येतो. नव्या डिस्कची जागा जुनीपेक्षा किंचितही कमी चालत नाही, आणि जास्त असल्यास वाढीव जागा सर्व नोड बदलेपर्यंत वापरता येत नाही.

एनएफएस (नेटवर्कवरून फाइल पुरवणारी) सेवा असेल तर फाइलप्रणालीचा ओळख-क्रमांक (एफएसआयडी) सर्व नोडांवर सारखाच ठेवावा. तो बदलला तर फेलओव्हर यशस्वी होऊनही ग्राहक-यंत्रांवर ‘स्टेल फाइल हँडल’ ही त्रुटी येते.

स्प्लिट-ब्रेन : संपर्क तुटल्यावर दोन्ही नोडांनी स्वतःला मुख्य समजून लेखन चालू ठेवणे. उपाय म्हणून गप्प झालेल्या नोडची वीज सक्तीने तोडतात (फेन्सिंग). नोड बदलताना यासाठी लागणारा नव्या यंत्राच्या व्यवस्थापन-पोर्टचा पत्ता व पासवर्ड क्लस्टरच्या नोंदीत घालायचा अनेकदा राहून जातो. मग पहिल्याच खऱ्या बिघाडात क्लस्टर, कपाटातून कधीच निघून गेलेल्या यंत्राची वीज तोडू पाहतो आणि ती तुटल्याची खात्री होईपर्यंत सेवा उचलत नाही. म्हणून फेन्सिंगची चाचणी माहिती भरण्यापूर्वी घ्यावी.

जुने व नवे यंत्र किती काळ एकत्र चालवावे याबद्दल एकमत नाही.

महाराष्ट्र : राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक) येथील शेतकऱ्याचा उतारा आता तालुक्याच्या दप्तरातल्या कागदाइतकाच दूरच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. मात्र अशा गावात ‘सर्व्हर डाऊन’ या एकाच शब्दप्रयोगात वीज, स्थानिक जोडणी, आज्ञावली आणि स्टोरेज हे चारही बिघाड मोडतात. उत्तम क्लस्टर त्यांपैकी एकच टाळतो.

सेफ : सेज वील यांच्या सांताक्रूझ (कॅलिफोर्निया) येथील संशोधनातून आलेली प्रणाली; प्रती आपोआप पुन्हा वाटल्या जात असल्याने नोड-बदल हे तिचे नेहमीचेच काम.

सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) पेट्या : बदल उत्पादकाच्या पद्धतीनुसार.

जुन्या डिस्क : माहिती पुसून किंवा डिस्क फोडून नष्ट करतात, विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार, अंमल १ एप्रिल २०२३ पासून.