अंदलुसच्या पाऊलवाटा : डोंगरातले पाट आणि बुरुजांचा किनारा

अंदलुस म्हटलं की आपल्या घरांत तीनच नावं निघतात. कुर्तुबा, गरनाता, इशबिलिया. टूरवालेही तेवढंच दाखवतात. अल-हमरा बघायचा, कुर्तुब्याच्या मशिदीत कमानींखाली फोटो काढायचे आणि परत माद्रिद. पण अंदलुसचा जो भाग आजही रोजच्या वापरात आहे, तो या शहरांच्या बाहेर, ग्रॅनाडाच्या (म्हणजेच गरनात्याच्या) दक्षिणेला डोंगरात आहे. तो बघायला चालावं लागतं. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली कितीतरी कोकणी कुटुंबं सुट्टीला मालागाच्या किनाऱ्यावर जातात. तिथून हे डोंगर मोटारीने दोन-अडीच तासांवर आहेत. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

सिएरा नेवाडा ही स्पेनच्या दक्षिणेची बर्फाची पर्वतरांग. तिचं सर्वांत उंच शिखर मुलासेन, ३,४७९ मीटर. आख्ख्या इबेरियन द्वीपकल्पात याहून उंच जागा नाही. नाव नीट ऐका : मौलाय हसन. गरनात्याचा नसरी सुलतान अबुल हसन अली, म्हणजे शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाहचा बाप. त्याची कबर या शिखरावर आहे अशी दंतकथा आहे. कबर कुणाला सापडलेली नाही, नाव मात्र राहिलं. या रांगेच्या दक्षिण उतारावरच्या खोऱ्यांना अल्पुखारा म्हणतात, आणि तिथून भूमध्य समुद्र सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आत आहे. म्हणून सकाळी बर्फ आणि संध्याकाळी समुद्र असा प्रवास एका दिवसात होतो.

पाटाच्या कडेने

अल्पुखाराच्या वाटा समजायच्या तर आधी तिथला पाट समजून घ्यावा लागतो. स्पॅनिश भाषेत त्याला असेकिया म्हणतात. मूळ अरबी शब्द अस-साकिया, पाणी पाजणारी. आपल्याकडचा साकी आणि मशकीतून पाणी देणारा सक्का, दोघेही याच घराण्यातले शब्द. पाटावर पाळीपाळीने पाणी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला इथली पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे ठरलेलं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस असतो. त्याला असेकियेरो म्हणतात, म्हणजे आपला पाटकरीच.

यातला खरा हुन्नर वरच्या पाटांत आहे. वसंतात बर्फ वितळू लागलं की ते पाणी नदीत जाऊ न देता उंचावरूनच आडव्या पाटाने वळवतात आणि जिथे जमीन पाणी पिते अशा उतारावर सोडून देतात. पाणी जिरतं, खडकांतून सावकाश उतरतं आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा पावसाचा थेंब नसतो, तेव्हा खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येतं. तिथले लोक याला पाणी पेरणं म्हणतात. ही व्यवस्था अंदलुसी काळात घडली आणि अजून चालू आहे.

चालणाऱ्याला याचा सरळ फायदा मिळतो. पाट जवळजवळ सपाट जातो, म्हणून त्याच्या कडेची वाटही सपाट. मातीचा पाट थोडा पाझरतो, त्यामुळे कडेला अक्रोड, चेस्टनटची झाडं आणि सावली. डोंगरातली वाट असूनही आजी-आजोबा आणि लहान मुलं इथे चालू शकतात. दरीच्या बाजूला काही ठिकाणी वाट अगदी अरुंद होते, तिथे मुलांचा हात सोडू नये. आणखी एक गोष्ट : पाटावरची लाकडी किंवा लोखंडी फळी, तोंडाला लावलेले दगड, यांना हात लावायचा नाही. मुलांना गंमत वाटते, पण त्याने कुणाच्यातरी शेताची पाळी जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पोकेइरा नदीच्या घळीपासून सुरुवात करावी. पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावं एकाच उतारावर एकावर एक बसली आहेत. खालचं गाव साधारण १,०५० मीटरवर, वरचं १,४३० च्या आसपास. जुन्या खेचरवाटेने खालून वर जायला दम लागतो. वरून खाली उतरायचं आणि बसने परत यायचं, हे कुटुंबाला बरं. घरं पांढरी, छपरं सपाट, त्यावर लाउना नावाची करडी चिकणमाती. बोळांवरून घरांचे मजले पुढे आलेले असतात, खाली सावली. मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातली गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. कापिलेइराहून घळीच्या आत ला सेबादिया या ओस पडलेल्या वीजकेंद्राच्या वस्तीपर्यंत जाऊन नदीच्या दुसऱ्या अंगाने परत येता येतं. अर्धा दिवस ठेवावा.

शेजारच्या ला ताआ भागात गर्दी कमी. हे नावही अरबीच, ताआ म्हणजे आज्ञापालन. नसरी काळात अल्पुखाराचे असे प्रशासकीय भाग केलेले होते. पित्रेसहून मेसिना, फोंदालेस, फेरेइरोला अशी छोटी गावं जोडणारी वाट आमच्या मते साऱ्या अल्पुखारात सर्वांत सुंदर आहे. लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांसाठी संपूर्ण सिएरा नेवाडाला वळसा घालणारी साधारण ३०० किलोमीटरची वाट आहे. तिचं नाव सुलैर, अंदलुसी लेखक या पर्वताला जे नाव देत तेच. मुलासेनला जायचं असेल तर उन्हाळ्यात कापिलेइराहून राष्ट्रीय उद्यानाची छोटी बस सुमारे २,७०० मीटरपर्यंत नेते, जागा आधी राखून ठेवावी लागते. पुढची चढण लांब आणि उघडी आहे. तिथे जून महिन्यातही बर्फ राहू शकतं, लहान मुलांना घेऊन जाऊ नये.

माणसं गेली, पाट राहिले

२ जानेवारी १४९२ ला गरनाता पडलं. अबू अब्दुल्लाहला अल्पुखारा जहागीर मिळाली. तो लाउखार गावात राहिला आणि १४९३ मध्ये समुद्र ओलांडून फेजला गेला. तहात दिलेली धर्माची हमी काही वर्षांतच मोडली, सक्तीची धर्मांतरं झाली. १५६७ च्या फर्मानाने अरबी बोलणं, पोशाख, हमाम, सगळ्यांवर बंदी आली. १५६८ च्या नाताळात अल्पुखारा पेटला. पुढारी होता वालोर गावच्या घराण्यातला अबेन हुमेया. १५७१ पर्यंत उठाव चिरडला गेला, आणि गरनात्याच्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना, उत्तरेकडे हाकललं गेलं. १६०९ ते १६१४ या काळात साऱ्या स्पेनमधूनच सुमारे तीन लाख लोक बाहेर काढले गेले.

ओस गावांत उत्तरेकडून ख्रिस्ती शेतकरी आणून बसवले. त्यांना हे पाणी चालवता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं शिकवण्यासाठी ठेवून घेतली, असं अल्पुखारात आजही सांगतात. परंपरेची गोष्ट आहे, पण पाट बंद पडले नाहीत एवढं समोर दिसतं.

ते बंद पडायची वेळ आली ती विसाव्या शतकात. तरुण शहरांकडे गेले, शेतं पडीक झाली, काही पाटांच्या जागी पाइप आले. पाट साफ करणारा माणूस गेला की माती साचते, झाडं वाळतात, काही वर्षांत वाटही झुडपांत बुजते आणि खालच्या गावचा झरा आटतो. २०१४ पासून ग्रॅनाडा विद्यापीठाचे पुरातत्त्व अभ्यासक गावकरी आणि स्वयंसेवकांना घेऊन असे पाट पुन्हा उकरत आहेत. सुरुवात कान्यार गावच्या पाटापासून झाली. फावडं घेऊन दोन दिवस श्रमदान करायला बाहेरचे विद्यार्थीही येतात. युरोपात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी याची चौकशी जरूर करावी.

किनारा

ज्यांना चढण नको त्यांच्यासाठी नेर्खाजवळचे मारोचे कडे आहेत. डोंगर थेट समुद्रात उतरतात, खाली छोट्या खाड्या, वर पाइनची झाडं आणि टेहळणीचे बुरूज. काही बुरूज मुस्लिम राजवटीतले, बरेचसे नंतरचे, उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला बांधलेले. त्या जहाजांवर कधीकधी इथूनच हाकललेले लोक असत! जवळच्या फ्रिखिलियाना गावात १५६९ च्या लढाईची कहाणी भिंतींवरच्या फरशांवर लिहिली आहे. ती जिंकणाऱ्यांची आहे हे ध्यानात ठेवून वाचावी. पूर्वेला अल्मुन्येकार. ७५५ मध्ये दमास्कसहून जीव वाचवून निघालेला उमय्या शहजादा अब्दुर्रहमान इथेच उतरला. किनाऱ्यावर त्याचा पुतळा आहे.

त्याहून पूर्वेला आल्मेरियाचं काबो दे गाता. युरोपातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक, ज्वालामुखीच्या खडकांचा किनारा. लास नेग्रासहून सान पेद्रोच्या खाडीपर्यंत सुमारे चार किलोमीटरची वाट आहे, गाडीरस्ता नाही. खाडीत गोड्या पाण्याचा झरा आहे, म्हणून तिथे वस्तीही आहे. सावली मात्र वाटेत कुठेच नाही. या भागातल्या काही खाड्यांवर लोक कपड्यांशिवाय आंघोळ करतात. कुटुंबासोबत असाल तर सकाळी लवकर जावं किंवा गावाजवळचे मोठे किनारे निवडावेत.

खाणं, नमाज, हवामान

एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चालू नये. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. जोहर सव्वादोनच्या सुमारास सुरू होते, जूनमध्ये मगरिब रात्री पावणेदहाच्या आसपास. म्हणजे सकाळची सगळी वेळ चालायला मोकळी. किब्ला पूर्वेच्या किंचित दक्षिणेला.

खाण्याचं जपायला हवं. त्रेवेलेस गाव डुकराच्या वाळवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, आणि अल्पुखारात भाजीतही त्याचे तुकडे टाकतात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'सिन सेर्दो, सिन खामोन' असं स्पष्ट सांगावं. आमचा सल्ला, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं आणि हलाल मटण ग्रॅनाडाहून न्यावं. चणे, ऑलिव्ह तेल, अंजीर, बदाम गावातच मिळतात. ओर्खिवा या बाजाराच्या गावात आज एक छोटी मुस्लिम वस्ती आहे. आणि ग्रॅनाडात अल्बाइसिनच्या टेकडीवर अल-हमराच्या समोर २००३ मध्ये मशीद उघडली. जुमा तिथे गाठून शनिवारी डोंगराची बस पकडली, तर आठवडा नीट बसतो.