धसका : एका जुन्या दुखण्याची ओळख

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून मराठवाडा झोपी गेला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे कोसळून ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. तो हादरा सोलापूरलाही जाणवला आणि अनेक जखमींना उपचारासाठी येथील रुग्णालयांत आणण्यात आले. मोडलेली हाडे प्लास्टरने सांधली गेली. मनाला बसलेल्या धक्क्याला मात्र प्लास्टर नव्हते. वाचलेल्यांची पाहणी करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना अनिद्रा, दचकणे व खोल उदासी आढळली. बारीकशा आवाजानेही माणसे घराबाहेर धाव घेत.

आपल्या मायबोलीने या अवस्थेला पूर्वीच नाव दिले आहे : धसका. ‘जीव घाबरा होणे’, ‘पोटात गोळा येणे’ हे शब्दप्रयोगही सांगतात, की भीती मनात उपजली तरी बोलते शरीरातून.

वैद्यकशास्त्राला हे उमगण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धातले कित्येक सैनिक छातीत धडधड व धाप यांची तक्रार करीत. परंतु हृदयात बिघाड सापडत नसे. डॉ. जेकब द कोस्टा यांनी १८७१ साली त्यांच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी चिंतेच्या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. अखेर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात, अकस्मात येणारा भीतीचा झटका आणि सतत पोखरणारी चिंता, असे दोन विकार वेगळे नोंदविले.

हा फरक आपणही ध्यानी घ्यावा. झटका अचानक येतो व साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो. छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, श्वास कोंडतो, बोटांना मुंग्या येतात, भोवळ येते. ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ असे वाटते. पुन्हा झटका येईल या धास्तीने माणूस बाजार, एस.टी., प्रसंगी रविवारचा मिस्साही टाळू लागतो. चिंतेचा विकार मात्र संथ असतो : महिनोन्‌महिने न हटणारी काळजी, चिडचिड, थकवा, आखडलेले स्नायू, उडालेली झोप आणि कामात न लागणारे चित्त.

हृदयरोग व थायरॉइडचे विकार यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून छातीत दुखल्यास ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी बसू नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. तपासणी निर्दोष ठरूनही त्रास राहिला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोच कशाला? समुपदेशन व औषधे यांनी पुष्कळांना आराम पडतो. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क मानला आहे. २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आपल्या घरांत अशा माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे सहज सुनावले जाते. तेणेकरून दुखण्यावर अपराधाचे ओझे चढते आणि तो मुकाट होतो. प्रार्थना अवश्य करावी. पण झटका आलेल्याजवळ शांतपणे बसावे, सावकाश श्वास घ्यावयास सांगावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दवाखान्याची पायरी चढावी. भूकंपातील जखमींना उचलताना त्यांच्या श्रद्धेची चौकशी कोणी केली नव्हती. मनाच्या जखमेलाही तोच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते.