दुकानाची पायरी

वाण्याच्या हुशारीची गोष्ट निघाली की आपण त्याच्या तराजूकडे पाहतो, दुकानाच्या पायरीकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः पायरी बेताची असेल तरच म्हातारे माणूस वर चढते, आणि वर चढले तरच तराजूचा प्रश्न येतो. संकेतस्थळाच्या या दिवसांत ही पायरी मला वारंवार आठवते.

आमच्या मिरजेहून पुण्याच्या वाटेला आगगाडी लागली की सांगली मागे पडल्यावर काही वेळाने किर्लोस्करवाडी येते. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही हकिगत मला कारखान्याहून मोलाची वाटते. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून आजवर कोणाचा माल खपला आहे? १९२० साली या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे मासिक काढले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. मूळ हेतू मालाची नि कारखान्याची खबर मराठीत लोकांपर्यंत पोचवावी, एवढाच. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाङ्मयाने त्याच्या अंगणात मांडव घातला, ही गोष्ट वेगळी. मला सांगायचे ते इतकेच की, हे व्यापारी आधी गिऱ्हाइकाच्या भाषेत उतरले.

आज ‘खबरे’चे काम संकेतस्थळ करते. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रे या नव्या पडद्यावर अवतरली. पण मौज अशी की, ती वाचायची तर आधी त्यांचा टंक आपल्या यंत्रात उतरवून घ्यावा लागे, आणि प्रत्येकाचा टंक निराळा! तो नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिवडा दिसे. युनिकोड नावाच्या जागतिक वर्णसंकेतात देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळालेली होती. ती सर्वांच्या यंत्रांत उतरायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळात किती वाचक तो चिवडा पाहून परत फिरले असतील, त्याची नोंद कोणत्या वहीत असणार? पेठेतले गिऱ्हाईक रुसले तर चार शब्द बोलून जाते. पडद्यावरचे गिऱ्हाईक मुकाट्याने जाते, आणि दुकानदाराला वाटते, आज बाजार मंदा आहे!

उलट उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. बँकेतून बँकेत पैसे पाठवायचे तर लांबलचक खातेक्रमांक नि शाखेचा संकेत भरावा लागे. २०१६ साली यूपीआय आले आणि तो सारा व्याप एका चौकोनी ठिपक्यांच्या चित्रामागे दडला. आमच्या मंडईतल्या भाजीवालीने त्यासाठी कोठे शिक्षण घेतले नाही. अवघड भाग यंत्राने उचलला, सोपा तिच्याकडे ठेवला. मी शाळामास्तर आहे, म्हणून सांगतो: पोरांना गणित कळले नाही तर पोरांना मठ्ठ म्हणणारा मास्तर आणि गिऱ्हाइकाला ‘नवशिका’ म्हणणारा संकेतस्थळकार, दोघे एकाच माळेचे मणी.

हे सारे मनात घोळायला कारण झाली आमची सतारमेकर गल्ली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांत हात घातला, तेव्हापासून पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येऊन गाते होत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दूरदेशीचा गायक मानांकन पाहून थोडाच थांबतो? त्याला तंबोरा मागवता आला पाहिजे.

गल्लीतला माझा एक जुना विद्यार्थी आपले नवे संकेतस्थळ शुद्धलेखन तपासायला घेऊन आला. शुद्धलेखन कसले, मराठी त्यात नावालाच! आरंभी एक चित्र आपोआप सरकत होते, ते थांबता थांबेना. वाद्यांना नावे नव्हती, क्रमांक होते. किंमत कोठेच नव्हती. ती विचारायची तर आधी नाव, पत्ता, टपाल-संकेत, मग मोबाईलवर येणारा आकडा. हे सारे त्याने एका शहरातल्या मंडळींकडून पैसे मोजून करून घेतले होते. घरात मागणी घटली होती. धाकटा भाऊ वाद्यांचे काम सोडून पुण्याला नोकरी पाहतो म्हणत होता.

त्याचे वडील कोपऱ्यात घोडीवर जवारी काढत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “मास्तर, आमच्याकडं माणूस आला तर आम्ही आधी नाव नाही विचारत. पट्टी विचारतो.”

झाले, सूत्र सापडले. गाणारा पुरुष आहे की स्त्री, काळी एक की काळी पाच, घरी बसून गाणार की प्रवासात नेणार, यावर तंबोऱ्याची उंची नि तारांची जाडी ठरते. म्हाताऱ्यांचे सारे दुकान या तीन-चार प्रश्नांवर चालत आले होते, आणि संकेतस्थळावर त्यांतला एकही नव्हता. आम्ही दोघांनी बसून ते प्रश्न मराठीत नि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिले. उत्तर दिले की वाद्य, किंमत आणि दूरध्वनी एकाच पानावर. सरकते चित्र काढून टाकले. त्याजागी प्रत्येक तंबोऱ्याचा छेडलेला आवाज ठेवायचे ठरले.

म्हाताऱ्यांनी तो आवाज मोबाईलवर ऐकला, पुन्हा ऐकला आणि मोबाईल मुलाच्या हातात परत दिला. “सूर कळतो,” ते म्हणाले, “जवारी नाही कळत. खाली लिही, वाद्य पोचल्यावर जवारी पसंत पडली नाही तर फोन करा, आम्ही बघतो.”

ते वाक्य आता पहिल्याच पानावर आहे, किमतीच्या अगदी खाली.