बासेलच्या कुंपणातले लांडगे

खंड्या दीड वर्षाचा झाला आणि जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेलं की गुरगुरायला लागला. आईने दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वेळी बाबांनी ट्रेनर बोलावला. त्याने खंड्याला मानेला धरून उताणं पाडलं, छातीवर हात दाबला आणि त्याची धडपड थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. "हा स्वतःला घरातला अल्फा समजतोय," तो म्हणाला. "लांडग्यांच्या कळपात असंच असतं. बॉस कोण ते एकदा दाखवलं की विषय संपला."

पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज हेच केलं. त्यातही मीच जास्त, कारण दिवसभर घरून काम करणारा मीच होतो. खंड्याने गुरगुरणं सोडलं. आम्ही ट्रेनरचे पैसे आनंदाने चुकते केले.

चार महिन्यांनी खंड्याने आईच्या मनगटाचा चावा घेतला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, थेट चावला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुणं, डॉक्टर, इंजेक्शनं हे सगळं झालं. त्याचं लसीकरण पूर्ण होतं, तरी डॉक्टरांनी कुठलीही जोखीम घेतली नाही. रात्री बाबा म्हणाले, "आता ह्याला कुठेतरी देऊन टाकू." चावलेला कुत्रा कोण घेतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे ह्या वाक्याचा खरा अर्थ कोणी बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या कानात बॅटरी मारून पाहिलं. आत जुनं इन्फेक्शन होतं. भांडं उचलताना आईचा हात त्या कानाला लागला होता.

माझ्या कामात एखादी ओळ घात करते तेव्हा ती कोणी आणि कधी लिहिली हे मागे मागे जाऊन पाहता येतं. "लांडग्यांच्या कळपात असंच असतं" ह्या ओळीचंही तसंच पाहावं असं वाटलं.

जवळचा धागा टीव्हीपाशी निघतो. २००४ साली नॅशनल जिओग्राफिक चॅनेलवर सीझर मिलान ह्या ट्रेनरचा 'डॉग व्हिस्परर' सुरू झाला. शांत चेहऱ्याचा माणूस, बेफाम कुत्रा, अर्ध्या तासात दोघांचा समेट. 'पॅक लीडर' हा शब्द जगभरच्या घरांत गेला तो मुख्यतः इथून. पण कुत्र्याला उताणं पाडण्याची युक्ती ह्या कार्यक्रमाच्या आधीची आहे. ती लोकांपर्यंत नेली चक्क साधूंनी. न्यू यॉर्क राज्यात न्यू स्कीट नावाचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ आहे. तिथले साधू जर्मन शेफर्ड पाळतात, त्यांची पैदास करतात. १९७८ साली त्यांनी कुत्र्यांच्या संगोपनावर पुस्तक लिहिलं, आणि ते भरपूर खपलं. त्यात शिक्षा म्हणून 'अल्फा रोल' होता: कुत्र्याला उलटं पाडा, डोळ्यांत डोळे घाला, दरडावा. लांडग्यांचा पुढारी असंच करतो, अशी समजूत त्यामागे होती.

त्यांच्या आधी, १९७० साली, डेव्हिड मीच ह्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचं 'द वुल्फ' आलं. (आडनावाचा उच्चार खरोखरच 'मीच' असा आहे. अल्फाची कल्पना घरोघरी पोचवणाऱ्या माणसाला मराठीत ह्याहून शोभेसं आडनाव सापडलं नसतं.) लेक सुपीरियरमधल्या आयल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस हरणांच्या मागे वर्षानुवर्षं फिरलेला हा माणूस. तोवर लांडग्यांविषयी जे जे प्रसिद्ध झालं होतं ते त्याने ह्या पुस्तकात एकत्र आणलं, आणि त्या सामग्रीबरोबर 'अल्फा'ही आत आला.

अल्फा आला होता स्वित्झर्लंडमधून. रुडॉल्फ शेंकेल ह्या प्राणिशास्त्रज्ञाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. कान, शेपूट, ओठ, पाठीवरचे केस, त्याने सगळं बारकाईने टिपलं होतं, आणि ती निरीक्षणं आजही मोलाची आहेत. त्याला दिसलं असं, की लांडगे सतत एकमेकांवर कुरघोडी करतात आणि शेवटी एक नर आणि एक मादी वर राहतात. पण हे लांडगे राहत होते कसे? दहा मीटर गुणिले वीस मीटरच्या जागेत, एका वेळी दहापर्यंत. जंगलात ज्यांचा मुलूख शेकडो चौरस किलोमीटरचा असतो त्यांना इथे कोपराही मिळत नव्हता. भांडण झालं तर हरलेल्याने जायचं कुठे? पीक अवरची डोंबिवली लोकल पाहून मराठी माणसाच्या कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, तसं हे झालं.

आणखी मागे गेलं तर कोंबड्या भेटतात. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बेने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं, की खुराड्यात कोणी कोणाला टोचायचं ह्याची ठरलेली उतरंड असते. उतरंड शोधणं ही त्या काळातली आवडती चाल होती. जिथे शोधाल तिथे ती सापडायची.

हात मात्र सिद्धांताच्या आधी उठला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्टने १९१० साली कुत्रे शिकवण्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात सक्ती, हिसके, काटेरी पट्टे सगळं आहे, आणि बासेलचा अभ्यास तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पोलीस आणि लष्करातून ही पद्धत पुढे नागरी क्लासांमध्ये झिरपली. मला वाटतं, लांडग्यांनी मारहाण शिकवली नाही. आधीपासून चाललेल्या मारहाणीला त्यांनी शास्त्राचा कोट चढवला. "मी चिडून मारलं" म्हणायला लाज वाटते, "मी माझं स्थान दाखवलं" म्हणायला वाटत नाही. मला तरी त्या पंधरा दिवसांत वाटली नव्हती.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समिअर नावाचं बेट आहे. तिथल्या लांडग्यांनी माणसाची शिकार फारशी सोसलेली नाही, त्यामुळे ते माणसाला फारसे बिचकत नाहीत. १९८६पासून मीच दर उन्हाळ्यात तिथे जाऊ लागला आणि गुहेपासून थोड्या अंतरावर बसून एकाच कळपाला वर्षानुवर्षं पाहू लागला. त्याला पुढारीपणासाठी चाललेली लढाई दिसेना. दिसलं ते कुटुंब. आई, बाप, यंदाची पिल्लं, गेल्या एक-दोन वर्षांतली वाढलेली पोरं. मोठी झाली की पोरं घर सोडून जातात, जोडीदार शोधतात, आपला कळप करतात. आई-बाप 'वर' असतात, कारण ते आई-बाप असतात. त्यासाठी त्यांना कोणाला हरवावं लागलेलं नसतं. बासेलमध्ये ह्याच पोरांना बाहेर पडायला दार नव्हतं.

१९९९ साली मीचने 'कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजी'मध्ये निबंध लिहून सांगितलं, की जंगली कळपातल्या आई-बापांना अल्फा म्हणण्यात अर्थ नाही. स्वतःच्या पुस्तकातली चूक त्याने स्वतःच खोडली. मग प्रकाशकाच्या मागे लागला, की पुस्तक छापणं थांबवा. ते थांबलं २०२२ साली. मधली तेवीस वर्षं दुरुस्तीचा निबंध आणि चुकीचं पुस्तक एकाच वेळी उपलब्ध होते, आणि ट्रेनरच्या हातात कोणतं जास्त वेळा पडलं असेल ते सांगायला नको. आमच्या धंद्यात ह्याला जुनी लायब्ररी म्हणतात. लिहिणाऱ्याने कधीच मोडीत काढलेली असते, पण हजार ठिकाणी तीच धावत असते.

शेंकेलची बाजूही पुरी सांगायला हवी. १९६७ साली त्यानेच लांडगे आणि कुत्र्यांच्या शरणागतीवर वेगळा निबंध लिहिला. दुबळा लांडगा आपण होऊन नमतो, त्यामागे सलोख्याची, आपलं मानून घेण्याची धडपड असते, असं त्याने त्यात मांडलं. म्हणजे कळपातला खालचा प्राणी स्वतः उताणा होतो. वरचा त्याला पकडून पाडत नाही. आम्ही खंड्याला जे करत होतो तसं कोणी करत असेल तर ते जीव घ्यायला आलेला शत्रू. साधूंनीही २००२च्या नव्या आवृत्तीत अल्फा रोल मागे घेतला. ह्या सगळ्या वंशावळीत चूक कबूल करणारी माणसं इतकी आहेत, की राग धरायला कोणी उरत नाही. उरते ती फक्त चूक.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. दोघांच्या वाटा किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी फुटल्या. माणसाच्या उकिरड्यावर आणि उंबऱ्यावर जगणाऱ्या कुत्र्याचा अभ्यास करायला जागा हवी तर ती आपल्या गल्लीत आहे, आणि तो होतोही आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतात. २०१७ साली त्यांनी दाखवलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला पुन्हा पुन्हा दिलेल्या खाऊपेक्षा पुन्हा पुन्हा फिरवलेला हात जास्त उपयोगी पडतो. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या प्राण्याविषयी हे वाचताना मी थांबलो.

मग गुरगुरणं म्हणजे काय? हा प्रश्न १८७२ साली डार्विनने बराचसा सोडवून ठेवला होता. माणसं आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात ह्यावरच्या पुस्तकात त्याने कुत्र्याची दोन चित्रं शेजारी छापली. एकात वैरभावाने चाललेला कुत्रा: ताठ पाय, उभी शेपूट, पिंजारलेले केस, रोखलेली नजर. दुसऱ्यात लाडात आलेला: अंग खाली, कान मागे, कणा वळलेला. सगळ्यात सुंदर आहे तो त्याने वर्णन केलेला क्षण. समोरचा माणूस परका समजून कुत्रा ताठ चालत येतो आणि ऐनवेळी त्याला कळतं की हा तर आपला मालक. क्षणात अख्खं शरीर उलटं होतं. डार्विनला दिसलं, की ही शरीराची भाषा आहे आणि ती समोरच्याला कळावी म्हणून आहे. केंडल शेफर्ड ह्या ब्रिटिश पशुवैद्यांनी अलीकडे ह्याच भाषेची शिडी मांडली. खालच्या पायरीवर जांभई, ओठ चाटणं, नजर चुकवणं. मग तोंड फिरवणं, निघून जाणं, कान पाडणं, शेपूट पायांत घालणं. मग ताठरणं आणि रोखून पाहणं, मग गुरगुरणं, मग हवेत दात मारणं. चावा अगदी वर. खालच्या पायऱ्यांवर कोणी ऐकलं नाही की कुत्रा वर चढतो.

आम्ही पंधरा दिवस खपून त्या शिडीतली गुरगुरण्याची पायरी कापून टाकली होती. कुत्र्याची भीती तिथेच होती, कानाचं दुखणं तिथेच होतं. फक्त घंटी काढून टाकली होती.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००९ साली, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, की तुम्ही घरी काय काय करून पाहिलं आणि कुत्र्याने काय केलं. मारणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं, की कुत्रा उलट अंगावर आला. अल्फा रोल करणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी, नुसतं डोळ्यांत रोखून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांनी तेच सांगितलं. ही मालकांनी दिलेली माहिती आहे, प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे. तरी इंजेक्शनाचं बिल हातात असताना वाचलं की पटते.

दुसरी वाट पाण्यातून आली. कॅरन प्रायर १९६०च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, हिसका देता येत नाही, उताणंही पाडता येत नाही. आवडलं नाही तर तो पोहत निघून जातो. मग उरते शिट्टी आणि मासा: हवं ते केलं की त्याच क्षणी शिट्टी, मागोमाग मासा. १९८४च्या पुस्तकात त्यांनी ही रीत कुत्र्यांसह सगळ्यांसाठी मांडली.

आमच्याकडे मासा म्हणजे उकडलेल्या चिकनचे तुकडे. पहिले तीन आठवडे फक्त कानाचं औषध. खंड्याचं भांडं बाल्कनीच्या कोपऱ्यात गेलं आणि तो जेवताना तिकडे जायचं नाही असा नियम झाला, जो बाबांनी सगळ्यात काटेकोरपणे पाळला. मग लांबून, दारातूनच, जाता जाता एक तुकडा त्याच्या दिशेने टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. दर काही दिवसांनी एक फरशी जवळ. अंग ताठलं की एक फरशी मागे. सहा महिने लागले. त्यात दोनदा पाहुणे आले आणि सगळं पहिल्या फरशीवर गेलं.

भांडं अजूनही त्याचं जेवण संपून तो आत आल्याशिवाय कोणी उचलत नाही. गेल्या रविवारी आई कपडे काढायला बाल्कनीत गेली, लक्षात नव्हतं तिच्या. खंड्याने खाणं थांबवलं, मान खाली तशीच ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि हलकंसं गुरगुरला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज घरात आला.

"बरं बाबा, जेव तू," आई म्हणाली आणि कपडे तसेच ठेवून मागे फिरली.