केनियाची संसद आणि मुलींची सुंता : एका कायद्याची ८२ वर्षांची वाट

१/१२
जुनी रूढी कायद्याने थांबते का? केनियाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे मिळतात. मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेवर तेथील एका जिल्ह्यात १९५६ मध्ये बंदी आली आणि काही वर्षांतच ती निष्प्रभ ठरली. २०११ मध्ये संपूर्ण देशात बंदी आली आणि ती टिकली. कायदा कोण करतो, यावर बरेच काही अवलंबून होते.

२/१२
या प्रथेला ‘सुंता’ म्हटले जात असले, तरी मुलग्यांच्या सुंतेशी तिची तुलना होऊ शकत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळंतपणातील धोके आणि जन्मभराच्या वेदना तिच्या मागे येतात. तरीही किकुयू, मेरू, मसाई, सोमाली अशा अनेक समाजांत हा विधी झाल्याशिवाय मुलीला विवाहयोग्य मानले जात नसे. आया आणि आज्याच त्यासाठी आग्रह धरीत, कारण विधीविना मुलीला समाजात स्थान नाही, हे त्या जाणून होत्या.

३/१२
पहिला संघर्ष १९२९ मध्ये पेटला. स्कॉटिश मिशनने आपल्या ख्रिस्ती अनुयायांकडे आणि शिक्षकांकडे प्रथेचा त्याग करण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. परिणाम उलटाच झाला. हजारो किकुयूंनी चर्चकडे पाठ फिरवली, मुलांना मिशनच्या शाळांतून काढले आणि स्वतःच्या स्वतंत्र शाळा उभारल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी आधीच बळकावल्या होत्या. आता ते आपल्या चालीरीतीही हिरावून घेत आहेत, अशी लोकांची भावना झाली.

४/१२
त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा प्रश्न लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचला. डचेस ऑफ अ‍ॅथॉल आणि एलिनॉर रॅथबोन या दोन महिला सदस्यांनी तो तळमळीने मांडला. परंतु ज्या मुलींविषयी ही चर्चा चालली होती, त्यांच्या वतीने बोलणारा एकही आफ्रिकी प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. केनियाच्या स्वतःच्या विधान परिषदेतही पहिला आफ्रिकी सदस्य, एलिउड माथू, १९४४ मध्ये आला.

५/१२
अशा वातावरणात प्रथेचे रक्षण हीच देशभक्ती ठरली. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनी १९३८ च्या ‘फेसिंग माउंट केन्या’ या ग्रंथात किकुयू समाजरचनेचा आधार म्हणून तिचे समर्थन केले. परकीय सत्तेच्या विरोधाने प्रथेला जी प्रतिष्ठा मिळाली, ती एरवी मिळाली नसती. या राजकारणात मुलीच्या वेदनेचा विचार मात्र मागे पडला.

६/१२
१९५६ मध्ये मेरू जिल्ह्यातील ‘न्जुरी न्चेके’ या ज्येष्ठ पुरुषांच्या परिषदेने एकमताने बंदी घातली. माऊ माऊ बंडामुळे तेव्हा आणीबाणी लागू होती आणि या निर्णयाला ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पाठबळ होते. त्यानंतर मुलींनी जे केले, त्याने सारेच हादरले. त्या टोळ्यांनी रानात जाऊन ब्लेडने एकमेकींची सुंता करू लागल्या. त्यांना नाव पडले ‘न्गाइताना’, म्हणजे ‘मी स्वतःच माझी सुंता करीन’. तीन वर्षांत २,४०० हून अधिक लोकांवर खटले भरले गेले. प्रथा मात्र चालूच राहिली.

७/१२
१९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण लोकप्रतिनिधी या विषयाला हात लावायला धजावत नव्हते. निवडून आलेली पहिली महिला खासदार, ग्रेस ओन्यांगो, १९६९ मध्ये संसदेत पोहोचली. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनिएल अराप मोई यांनी प्रथेविरुद्ध आदेश दिला, पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. १९९६ मध्ये बंदीचा प्रस्ताव संसदेत आला, तेव्हा तो फेटाळला गेला. मतदारांना दुखावण्याची जोखीम कोणालाच नको होती.

८/१२
पहिले यश २००१ च्या बालहक्क कायद्याने दिले. १८ वर्षांखालील मुलींवर हा विधी करणे गुन्हा ठरले. शिक्षा जास्तीत जास्त १२ महिने कैद किंवा ५०,००० शिलिंग दंड, अथवा दोन्ही. पण सज्ञान स्त्रियांना या कायद्याचे संरक्षण नव्हते. लग्नानंतर सासरच्या दबावाखाली विधी करून घेणाऱ्या स्त्रीची ‘संमती’ गृहीतच धरली जाई.

९/१२
दरम्यान संसदेचा चेहरा बदलू लागला होता. मराक्वेत समाजातील लीना जेबी किलिमो यांनी मुलगी असतानाच हा विधी नाकारला होता. २००२ मध्ये त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा विरोधकांनी तेच त्यांच्याविरुद्ध प्रचाराचे हत्यार केले. तरीही त्या निवडून आल्या. जिथे प्रथेची पकड सर्वांत घट्ट होती, त्या सोमाली समाजातून आलेल्या सोफिया अब्दी नूर यांनीही संसदेत हा लढा नेटाने लढवला. आता बोलणाऱ्या घरच्याच लेकी होत्या. त्यांना ‘परक्या’ कसे म्हणणार?

१०/१२
२०१० च्या नव्या राज्यघटनेने पाया घातला : कोणावरही सांस्कृतिक विधीची सक्ती करता येणार नाही आणि घातक रूढींपासून संरक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे. पुढच्याच वर्षी संसदेने स्वतंत्र कायदा संमत केला. संसदेत स्त्रिया जेमतेम एक दशांश होत्या, त्यामुळे पुरुष सदस्यांची मने वळवल्याविना तो संमत होणे शक्य नव्हते. ४ ऑक्टोबर २०११ रोजी कायदा लागू झाला.

११/१२
त्याची कलमे वाचताना जाणवते, की प्रथा आतून ओळखणाऱ्यांचा हात त्यांना लागला आहे. वयाची अट गेली. स्त्रीची संमती हा बचाव राहिला नाही. मुलीला सीमेपलीकडे नेणे, विधीसाठी जागा देणे, माहिती असून गप्प राहणे हेही गुन्हे ठरले. किमान शिक्षा ३ वर्षे कैद किंवा २ लाख शिलिंग दंड, आणि मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत. सुंता न झालेल्या स्त्रीला किंवा तिच्याशी लग्न करणाऱ्या पुरुषाला त्यावरून हिणवणेही गुन्हा ठरले. न्गाइताना मुलींना ज्या टोमण्यांचे भय होते, त्यांच्यावर प्रथमच कायद्याने बोट ठेवले.

१२/१२
२०२१ मध्ये उच्च न्यायालयाने या कायद्याला दिलेले आव्हान फेटाळले. १५ ते ४९ वयोगटातील सुंता झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १९९८ मध्ये ३८ टक्के होते. २०१४ मध्ये ते २१ आणि २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर आले. ही घसरण कायद्याआधीच सुरू झाली होती. तिचे श्रेय शाळांना, कार्यकर्त्यांना आणि नकार देणाऱ्या मुलींनाही आहे. ईशान्येकडील सोमाली पट्ट्यात आजही प्रथेची पकड सैल झालेली नाही. कायदा एकट्याने रूढी मोडू शकत नाही. पण नकार देणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभे राहणे त्याला जमते, आणि १९५६ च्या मेरूमध्ये नेमके तेच घडले नव्हते.